मडक्यातलं बी

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या बनाबाईंचा मुलगा कुमार पुण्यात उंच इमारतींची गणितं करतो. भूकंपात चौतीस मजले कसे उभे राहावेत, हे तो संगणकाकडून ठरवून घेतो. दोनशे आराखडे मांडायचे, त्यांतल्या चांगल्यांचा संकर करायचा, लेचेपेचे बाद करायचे, आणि पिढ्यानपिढ्या हेच. कुमारनं दर पिढीत फक्त अव्वल तेवढेच राखले. काम झपाट्यानं उरकलं, साहेबांनी शाबासकीही दिली.

मग त्यानं दुसऱ्या एका भूकंपाची नोंद लावून पाहिली. दोनशेच्या दोनशे इमारती नवव्या मजल्यावर मोडल्या. तीनशे पिढ्यांत त्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी होऊन बसल्या होत्या. वेगळं काही सुचवणारी एकही उरली नव्हती.

तेव्हा त्याला आई आठवली. कापणीआधी ती बियाण्यासाठी भाताच्या टपोऱ्या लोंब्या निवडायची, आणि शेवटी मूठभर बुटक्या, हडकुळ्या लोंब्यांचं बी वेगळ्या मडक्यात राखेत जपायची.

शनिवारी तो एसटीनं गावी गेला. आई पडवीत बसली होती. समोरच्या खाचरात दुकानातून आणलेल्या पाकिटातल्या बियाण्याचं भात वाऱ्यानं आडवं झालं होतं, सगळं एकाच दिशेला. बुटकं बी किती ठेवायचं, असं त्यानं विचारलं.

"धा मुठींना एक. वारं सुटलं की तीच हुबी ऱ्हात्यात."

ते मडकं बघू, म्हणून तो उठला.

"न्हाई ते आता. डोळ्याच्या आप्रेशनला मी भोरला हुते, तवा तू घर झाडलंस. त्यातलं बी कोंबड्यान्ला टाकलंस."

कुमारला आठवलं. मडकं स्वच्छ घासून त्यानं उन्हात पालथं घातलं होतं, आणि त्याचं त्याला कौतुकही वाटलं होतं. तेव्हाच का बोलली नाहीस, असं तो हळू आवाजात म्हणाला.

"तू विंजनेर. म्हटलं, हिशेब करूनच टाकलं आसंल."

रविवारभर तो ते बुटकं बी शोधत घरोघर हिंडला. शेजारच्या ज्ञानूतात्यांकडे पाकीट, खालच्या आळीत पाकीट, तेही एकाच कंपनीचं.

सोमवारी त्यानं संगणकाला दहांत एक वेडंवाकडं राखायला सांगितलं. पंधरवड्यात दोन्ही भूकंपांत उभी राहणारी इमारत मिळाली. युक्ती कुणाची, असा रकाना अहवालात नव्हता. त्यानं गावी फोन लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं, चांगलं झालं म्हणाली. कुमारनं मडक्यातल्या बियाचं पुन्हा काढलं, तसं तिनंच त्याची समजूत घातली.

"कोंबड्यांनी बी त्या साली अंडी बरी दिलती, बाबा."