नळाला हातमोजे

“नळ सोडतानाही हातमोजे घालत जा,” सर म्हणाले. “बाकीच्यांना बरं वाटेल.”

प्रयोगशाळेतले बाकीचे पाच जण हसले. मी घातले.

गोंदियाच्या एका कॉलेजात मी संशोधन करते. जवळच्या नागरा गावाहून रोज येते. बाप राईस मिलमध्ये पोती वाहतो. घरात माझ्याआधी कुणी दहावीही झालं नव्हतं. सरांनी मला हाताखाली घेतलं, म्हणून मी आभारी होते. इतकी, की अपमानालाही शिस्त समजत होते.

आमचं काम मिश्रधातूच्या कागदासारख्या पातळ पट्टीवर. तिच्यातले अणू साध्या धातूसारखे रांगेत बसत नाहीत, अस्ताव्यस्त असतात. त्यांच्यामधल्या फटींत हायड्रोजन शिरतो. बंद भांड्यात पट्टी ठेवायची, वायू सोडायचा. दाबाचा काटा उतरला, की पट्टीने वायू शोषला. पट्टीला उघडा हात लावायचा नाही. कातडीचं तेल लागलं, की शोषण अडतं. हा नियम सगळ्यांना. नळाचा, कपाटाचा, खुर्चीचा नियम फक्त मला.

एकदा बाबांनी पिशवीतले हातमोजे पाहिले.

“हे कायले घालून राहिली वं? थंडी वाजते का तिथं?”

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मंग सर बी नळाले घालत असन.”

मी हातमोजे पिशवीत परत ठेवले.

परवा बाहेरून पाहुणे आले. सरांनी पट्टी उघड्या बोटांनी उचलली, उजेडात धरली. “ये देखिए, कमाल की चीज है.” मग माझ्यापुढे ठेवली.

“सर, दुसरी घेऊ का?”

“दिली तीच भांड्यात टाक. शहाणपणा नको.”

मी वायू सोडला. तासभर काटा हलला नाही.

“या लोकांना कितीही शिकवा,” सर पाहुण्यांना म्हणाले, “हात शेणाचेच राहतात.” नोंदवही माझ्याकडे सरकवली. “लिही, पट्टीला तुझा हात लागला म्हणून. सही कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

मी हातमोजे काढले. लिहिलं: पट्टी सरांनी उघड्या हाताने उचलली. दुसरी घेऊ का विचारलं, नाही म्हणाले. खाली सही केली.

“काय लिहिलंस, कळतंय का?”

“झालं ते लिहिलं, सर.”

उघड्या हाताने नळ सोडला. हात धुतले. कुणी हसलं नाही.

काल प्रयोगशाळेचं दार आतून बंद होतं. दिवसभर बाहेर उभी राहिले. आजही जाते आहे. वहीच्या पानांवर छापील क्रमांक आहेत. पान फाडलं तर दिसेल. दार कधीतरी उघडावं लागेल. पट्टीसाठी मी हातमोजे घालीन. नळासाठी नाही.