शर्मिलेचा कान

आरोंद्याच्या खाडीकडच्या वळणावर गाडी आली की शर्मिला हातातलं काम टाकून कान देई. टकटक आली तर एक्सल. घुंघुं आली तर चाकाचं बेअरिंग. इंजिन बोंबलतंय पण गाडी चढणीला रखडतेय, म्हणजे क्लच-प्लेट. मेकॅनिकला बॉनेट उघडून जे कळतं ते या बाईला चुलीपुढे बसून कळायचं, आणि त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. गाडी बिघडली की नवरा मारायचा. पळायला वेळ मिळावा म्हणून ती शिकली.

नवरा जितेंद्र. मुंबईची नोकरी सुटल्यावर तो गावी आला आणि कुणीतरी वर्षानुवर्षं दामटलेली छोटी गाडी घेऊन बसला. शिरोड्याच्या हॉटेलांत कोळंबीचे खोके पोचवायचे, हा धंदा. गाडी स्वस्तात मिळाली म्हणून गावभर मिरवला. स्वस्त गाडी घेताना तेवढी स्वस्त असते, नंतर ती पोसावी लागते, हे त्याच्या टाळक्यात शिरलं नाही. खोक्यांतलं खारं पाणी झिरपून तळाचा पत्रा पापडासारखा झाला. पुळणीवर गाडी घालून क्लच जाळणारा हाच. माडाखाली गाडी लावणाराही हाच, आणि नारळ पडून काच फुटली की दोष बायकोचा. कारण गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा पूजेला चाकाखाली लिंबू तिने ठेवलं होतं. "तुझो हातच अपेशी," तो म्हणे. वड्याचं तेल वांग्यावर काढतात ते असं. इथे मात्र वांग्याची हाडं मोडत होती.

सायलेन्सर गळून पडला त्या दिवशी तिचा ओठ फाटला. बेअरिंग गेलं तेव्हा पाठीवर कमरेचा पट्टा. क्लच-प्लेटीपायी तर आधी तिच्या कानातल्या कुड्या विकल्या गेल्या, वर त्याने दार धाडकन लावून तिची करंगळी चेचली. ती अजून वाकडीच आहे.

एकदा ती खारेपाटणला माहेरी जाऊन रडली. आई म्हणाली, "गाडी सुधारली काय तोव सुधारतलो." शर्मिलेने ते खरं मानलं. तिची चूक म्हणायची तर एवढीच.

शेजारची बिबीजान असलं काही बोलत नसे. ती आपल्या घराच्या मागच्या दाराला कडी लावत नसे, बस. आवाज वाईट आला की शर्मिला माडांतून धावत त्या दारात शिरे आणि जितेंद्र अंगणात भांडी आपटून दमेपर्यंत तिथेच बसून राही. बिबीजानच्या मुलाचं, मुनीबचं, रस्त्यावर गॅरेज होतं. गाडीच्या भागांची नावं तिला त्यानेच सांगितली.

उन्हाळ्यात गाडी तापू लागली. नवरा उठायच्या आत शर्मिला विहिरीवरची कळशी आणून रेडिएटर भरून ठेवायची. मुनीबने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"वयनी, ह्या पाणी घालू नको! खाडीकडची विहीर ती, उन्हाळ्यात पाणी खारा होता. रेडिएटर आतसून कुजता."

तिने कळशी खाली ठेवली. म्हणजे गेल्या आठवड्यात भर रस्त्यात इंजिनातून धूर निघाला आणि त्यापायी तिच्या डोक्यात पाट बसला, ते सगळं आपल्याच हातानं! बिचारीने मनातल्या मनात नवऱ्याची माफी मागितली. असल्या भोळेपणाचा संताप येतो. पण मार खाऊन वर माफी मागणाऱ्या बाया घरोघरी आहेत, कुणाकुणावर संतापायचं?

मग मात्र ती हट्टाला पेटली. जितेंद्र भावाकडे मुंबईला गेला तेवढ्यात तिने हातातल्या पाटल्या विकल्या आणि गाडी मुनीबच्या ताब्यात दिली. नवा रेडिएटर, कूलंट, बेअरिंग, एक्सल, ब्रेकचे पॅड, तळाला नवा पत्रा. ती काजूच्या कारखान्यात कामाला जाई, तिथून सुटली की गॅरेजात जाऊन बसे. गाडी बरी झाली की मार संपला, एवढाच तिचा हिशेब.

"आता आवाज येवचो नाय मां?" ती पुन्हा पुन्हा विचारी.

"नाय गो वयनी. दारात इली तरी तुका कळूचा नाय."

जितेंद्र परतला, गाडी फिरवून आला आणि म्हणाला, "बरा केलंस." लग्न झाल्यापासून त्याच्या तोंडचा इतका गोड शब्द तिने ऐकला नव्हता. त्या रात्री ती गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना गाडी वळणावर आली. शर्मिलेने सवयीने कान दिला. टकटक नाही, घुंघुं नाही. बिबीजानच्या दाराकडे तिने पाहिलंही नाही. पदराला हात पुसत ती अंगणात आली आणि गाडीकडे बघून हसली.

इंजिन चालू ठेवूनच जितेंद्र उतरला. डिकी उघडता उघडता त्याने तिला पाहिलं.

"हसतंस कोणाक गो?"

"कोणाक नाय. गाडी बरी धावता म्हणान..."

फटका थेट कानशिलात बसला. केस धरून त्याने तिला फरफटत पुढे नेलं आणि बॉनेटवर तोंड आपटलं. पुन्हा आपटलं. तापलेल्या पत्र्यावर गाल चरचरला, एक दात तुटून जिभेवर आला. त्याने तिचं डोकं तसंच दाबून धरलं. कानाखाली इंजिन एका सुरात चाललं होतं. तिने नीट ऐकलं. खोट शोधली. शपथेवर सांगायलाही खोट नव्हती.

गाडी बरी होती आणि तरी तो मारत होता. इतकी वर्षं ती भलत्याच यंत्राची दुरुस्ती करत होती.

पट्टा सोडवायला त्याने हात काढला तशी ती गाडीला धरून मागे सरकली. उघड्या डिकीत, बर्फाच्या खोक्यापाशी चाकाचा पाना पडला होता. त्याने पट्टा उगारला आणि तिने पाना घातला, मनगटावर. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. दुसरा घाव गुडघ्यावर. तो गुरासारखा ओरडत खाली पडला. तिसऱ्यांदा पाना त्याच्या डोक्यावर उगारला गेला तेव्हा बिबीजानने धावत येऊन तिचा हात धरला.

"पुरे गो शर्मिला! मरतलो तो!"

तिने पाना खाली टाकला.

मुनीबने दोघांनाही त्याच गाडीत घातलं. मागे जितेंद्र आईच्या नावाने विव्हळत होता, पुढे शर्मिला तोंडाला फडकं धरून बसली होती. सावंतवाडीपर्यंत गाडीने एकदाही कुरकुर केली नाही.

इस्पितळात पोलीस बाई जबाब घ्यायला आल्या. "मारहाण कशावरून झाली?" त्यांनी विचारलं. खाटेवरून जितेंद्रच आधी बोलला, "गाडीवरून, मॅडम. गाडीनं डोक्याला ताप दिला होता."

शर्मिलेने तोंडावरचं रक्ताळलेलं फडकं काढलं आणि सरकारी माणसांपुढे बोलतात त्या मराठीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"नाही मॅडम. गाडीत काहीच बिघाड नाही. मी स्वतः ऐकलंय. तसंच लिहा."