मुक्कामाची गाडी

भाद्रपदातल्या मंगळवारी सकाळी यसूकाकी गेली. त्याआधीच्या शिमग्यानंतर आमच्या वाडीत मुक्कामाला येणारी एसटी बंद झाली होती.

निरोप घेऊन खालच्या वाडीचा दत्ताराम रत्नागिरीला, मी शिकवते त्या शाळेत आला. काकीच्या छातीत दुखू लागलं तेव्हा तिला उचलून फाट्यावर न्यायला वाडीत दोनच पुरुष होते, दोघेही म्हातारे. खालून माणसं वर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आमचं उंडीकोंड पूर्णगडच्या वाटेवर, कातळाच्या उघड्या सड्यापलीकडच्या उतारावर. विसेक घरं. सरकारदरबारी आम्ही मोठ्या गावाचेच. शाळा त्यांची, पंचायत त्यांची, शिमग्यात देवाची पालखीही आधी त्यांची दारं घेऊन उरल्या वेळात आमच्याकडे यायची. ऐंशी सालच्या सुमारास वाडीने मिळून कातळ फोडला आणि रस्ता केला. एसटीचे साहेब येऊन म्हणाले, गाडी मुक्कामाला ठेवू, पण ड्रायव्हर-कंडक्टरची झोपायची सोय हवी. पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. मागे बायकांत उभी असलेली काकी म्हणाली, "माजी पडवी हाय की. जेवणाचंबी मी बघीन." काकी माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको, तरुणपणीच विधवा झालेली. चारचौघांत ती पहिल्यांदाच बोलत होती.

गाडीच्या पाटीवर उंडीकोंड हे नाव रंगवून आलं. आमचं नाव लिहिलेली तेवढी एकच जागा. त्या गाडीने मी हायस्कूलला गेले, पुढे नोकरीला. त्याच गाडीने एकेक घर मुंबईला गेलं. तिकडे गिरण्या बंद पडल्या तेव्हा पुरुष परत आले, काकीचा मुलगा सुरेशही आला. वाडी भरली असं तिला वाटलं. पावसाळा काढून तो पुन्हा निघाला, या वेळी बायको आणि मुलांना घेऊन. गाडी वळणाआड गेल्यावर काकी मला म्हणाली, "गाडी हाय तवर येतील गो."

पुढे गाडी रिकामी धावू लागली. ती बंद होणार अशी कुणकुण लागल्यावर काकीने उरलेल्या बायका जमवल्या. रोज सकाळी दोघीतिघी पाळीपाळीने गाडीत बसत, फाट्यावर उतरत आणि चढण चढून परत येत. काम काहीच नसे. अंडी विकून तिकिटं काढत. एकदा मी गाडीत होते.

"काकी, रोज फाट्यावर काय ठेवलंय?" कंडक्टरने विचारलं.

"म्हायेर हाय माजं. तू तिकीट फाड मुकाट्यानं."

"आणि या सखूबाईंचं?"

"तिचं सासर."

सखूबाई पदर तोंडाला लावून हसत होती. कंडक्टरही हसला. त्याला सगळं ठाऊक होतं, पण गाडी बंद करणं वा न करणं त्याच्या हातात नव्हतं.

काकीचे गुडघे सुजत. तेल चोळून ती पुन्हा पाळीला उभी राही. तरी गाडी बंद झालीच. शेवटच्या सकाळी तिने ड्रायव्हर-कंडक्टर दोघांना घावणे बांधून दिले. स्वतः मात्र गाडीत बसली नाही.

त्या मे महिन्यात मी तिला न्यायला गेले होते. म्हटलं, "काकी, रत्नागिरीला चल माझ्याकडे."

"आणि सुरेश आला म्हंजे? त्याला दार कोण उघडल?"

सुरेश दहाव्याला आला, फाट्यावरून चालत. तेरावा झाल्यावर त्याने घराला कुलूप लावलं आणि किल्ली बरोबर नेली. उंडीकोंडात आता चार घरं उघडी आहेत. त्यांत सहा माणसं राहतात. खांदा देऊ शकेल असं त्यांच्यात कुणी नाही.