मोबाइलचा उपवास

माझगावच्या त्या गल्लीत रुफिना तुस्कानोबद्दल दोन मतं होती. पहिलं, बाईला वेड लागलंय. दुसरं, बाईला वेड लागलंय, पण पोरं मात्र वळणाची आहेत. तिसरं मत रुफिनाचं स्वतःचं होतं आणि ते ती कुणाला सांगायला जात नसे.

सात मुलं. एवढ्यावरच लोकांचे डोळे मोठे होत. त्यात सातांतलं एकही शाळेत जात नाही, आईच घरी शिकवते, हे कळलं की समोरचा माणूस पहिल्यांदा इनासकडे बघे. इनास म्हणजे तिचा नवरा, गोदीत फिटर. मुलं ही देवाची देणगी, असं तो अगदी मनापासून म्हणायचा आणि सकाळी सातला डबा घेऊन कामावर जायचा. मागे त्या देणगीच्या वेण्या घालणं, नाकं पुसणं आणि पाढे घेणं रुफिनाकडे असायचं.

ती मूळची वसईची, डी.एड. झालेली. लग्नानंतर तिने एका शाळेत चार वर्षं नोकरी केली होती. थोरली डेलिशा दुसरीत असताना रोज सकाळी पोट दुखतं म्हणून रडायची. डॉक्टर म्हणाले, पोटाला काही झालेलं नाही. तेव्हा रुफिनाने राजीनामा दिला, पोरीचं नाव काढलं आणि जेवणाच्या टेबलावर फळा टेकवून ठेवला. सासरच्यांनी तोंडं वाकडी केली. नणंद तर समोरच म्हणाली, "उद्या ही पोरं दहावी कुठून करणार, तुझ्या स्वैपाकघरातून?" रुफिनाला तो टोला असा काही लागला की नऊ वर्षं झाली तरी बरा झाला नव्हता.

त्या दहावीचं वर्ष आता आलं होतं. डेलिशा मुक्त शाळेतून परीक्षेला बसली होती. फॉर्म भरून झाला होता, अभ्यास दोनदा झाला होता. विज्ञानाचं प्रॅक्टिकल तर घरातच घोटून घेतलेलं. भिंग धरून समोरच्या चिंचेचं उलटं चित्र भिंतीवर पाडायचं आणि अंतर मोजायचं, हे धाकट्यांनाही पाठ झालं होतं. डेलिशाला जूनमध्ये अकरावी सायन्सला जायचं होतं, खऱ्या कॉलेजात, चर्चच्या गायनमंडळातल्या दोन मैत्रिणींबरोबर. ती फारशी बोलत नसे, पण कॉलेजला कुठला ड्रेस घालायचा ते तिने ठरवून ठेवलंय, हे रुफिनाला माहीत होतं.

प्रॅक्टिकल गुरुवारी होतं. स्वैपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल पेनाने गोल केलेला होता.

आणि उपवासकाळ चालू होता. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस. कुणी मटण सोडतं, कुणी दारू. तुस्कानोंच्या घरात दर वर्षी सगळ्यांनी मिळून एक गोष्ट सोडायची असा रुफिनाचा नियम होता. यंदा तिने मोबाइल सोडला. दिवसा घरात मोबाइल एकच, तिचा. इनासच्या साध्या फोनला गोदीच्या गेटच्या आत मज्जाव. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन आल्यावर तिने मोबाइल बंद करून बिस्किटांच्या डब्यात घातला आणि डबा देवघरातल्या क्रुसाखाली ठेवला. फक्त रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर तासभर उघडायचा, वसईला आईशी बोलायचं आणि परत डब्यात.

कालच्या रविवारी तो उघडला तेव्हा चाळीसेक मेसेज येऊन पडले होते. तिने आईशी बोलून घेतलं आणि ते मेसेज न वाचताच मोबाइल बंद केला. मोह झाला होता आणि तो तिने जिंकला होता, याचं तिला दिवसभर बरं वाटत राहिलं.

सोमवारी सकाळी पावणेदहाला शेजारची वैशाली कामावर निघाली. ती महापालिकेत क्लार्क. दारावरून जाता जाता तिची नजर आत टेबलापाशी बसलेल्या डेलिशावर पडली आणि ती थबकली.

"अगं रुफिना, ही घरी कशी?"

"म्हणजे?"

"आज प्रॅक्टिकल ना हिचं? आमच्या अमितला आत्ताच ताई सोडून आली दादरला. साडेनऊचं रिपोर्टिंग होतं." अमित हा तिचा भाचा, तोही मुक्त शाळेतूनच बसलेला.

"गुरुवारी आहे," रुफिना म्हणाली.

"तारीख बदलली ना! मेसेज आला सगळ्यांना शुक्रवारीच. तुला नाही आला?"

रुफिना सरळ देवघरात गेली, डबा उघडला, मोबाइल चालू केला. मोबाइल सुरू व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिने क्रुसाकडे पाहिलं नाही. मेसेज होता. शुक्रवारी दुपारचा. दोन ओळींचा, स्वच्छ, त्यात चूक काढायला जागा नव्हती. दिनांक सोमवार, केंद्र तेच, वेळ साडेनऊ.

"मम्मी?" डेलिशा मागे येऊन उभी होती.

"चप्पल घाल. जर्नल घे."

पुढची पाच मिनिटं घरात एकच धांदल उडाली. जर्नल सापडत होतं तर हॉलतिकीट सापडत नव्हतं. ते मिळालं तर धाकटी रडायला लागली. तेरा वर्षांच्या अॅग्नेलच्या हाती घर सोपवलं, वैशालीने "मी हाफ डे टाकते, तू जा" म्हणून पर्स खाली ठेवली, आणि मायलेकी धावत कोपऱ्यावर आल्या. पहिली टॅक्सी दादरचं नाव ऐकून निघून गेली. दुसरा टॅक्सीवाला तयार झाला.

भायखळ्यापर्यंत ठीक होतं. तिथून पुढे भाजीच्या टेम्पोंनी रस्ता अडवला होता. रुफिनाने मनात रोजरीचा जप सुरू केला आणि दर दोन मण्यांनंतर ती घड्याळ बघत होती. डेलिशा जर्नल छातीशी धरून समोर बघत होती. तिने एकदाही विचारलं नाही, हे झालं कसं. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं असं रुफिनाला वाटलं.

"भैया, पुलावरून घ्या ना!"

"पूलपे और पॅक है मॅडम. उडके जाऊ क्या?"

लालबागला दहा वाजून दहा झाले. परळला वीस. दादरला त्या केंद्राच्या गेटवर टॅक्सी थांबली तेव्हा दहा पस्तीस झाले होते, आणि वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेचं दार लागलेलं होतं.

दाराबाहेर एका टेबलाशी केंद्राचे इन्चार्ज बसले होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेले, धम्मपाल कांबळे असं बिल्ल्यावर नाव. त्यांनी हॉलतिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं.

"दहानंतर आत सोडता येत नाही ताई. नियम आहे."

"सर, मुलीचं वर्ष जाईल."

"ऑक्टोबरला परत बसता येतं की."

"तिला जूनमध्ये अकरावीला जायचंय."

कांबळे सरांनी डेलिशाकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती. धावल्यामुळे तिची वेणी सुटली होती आणि ओठ पांढरे पडले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, एक कोरा कागद पुढे सरकवला आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, साडेअकराला दुसरी बॅच आहे. त्यात दोन जागा रिकाम्या आहेत. मुलगी आजारी होती म्हणून उशीर झाला, असं पालकांनी लिहून दिलं तर मला तिला त्यात बसवता येतं. सर्टिफिकेट काय, दोन दिवसांनी आणा. तब्येतीचं कारण असेल तरच हं. दुसरं कुठलंच कारण चालत नाही." ते थांबले. "आजारीच होती ना ती?"

त्यांनी पेनही पुढे केलं.

रुफिनाने पेन हातात घेतलं. एक ओळ लिहायची होती. मुलगी तर आत्ता खरोखरच आजाऱ्यासारखी दिसत होती. माझगावचे डॉक्टर ओळखीचे, त्यांनी हसत सर्टिफिकेट दिलं असतं. पण नऊ वर्षं याच मुलीला समोर बसवून तिने दहा आज्ञा शिकवल्या होत्या. अॅग्नेलने एकदा गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर बघून लिहिलं, तर त्याला तिने अख्खा धडा परत करायला लावला होता. चुकीचं उत्तर चालेल, खोटं चालणार नाही, हे त्या टेबलावर रोजच्या भाजी-भाकरीइतकं नेमाने वाढलं जाई. आणि ती मुलगी आत्ता तीन हातांच्या अंतरावर उभी राहून आईच्या हातातल्या पेनाकडे बघत होती.

रुफिनाने पेन कागदावर टेकवलं, उचललं, परत टेकवलं. 'लिही ना' असं तिच्या आतलं कुणीतरी ओरडत होतं, आणि तो आवाज तिचाच होता.

"नाही सर," ती म्हणाली. "आजारी नव्हती. आमचा उपवासकाळ चालू आहे. मी मोबाइल बंद करून ठेवला होता. मेसेज शुक्रवारीच आलाय. मी वाचला नाही."

कांबळे सरांनी कागद परत घेतला. "मग मी काय करू शकतो?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडा वैतागच होता. त्यांनी यादीवर डेलिशाच्या नावापुढे गैरहजर असं लिहिलं.

दोघी जिना उतरू लागल्या. रुफिनाला आतून हलकं वाटत होतं, हे मान्य केलं पाहिजे. देवाने परीक्षा घेतली आणि आपण त्यात उतरलो, असंच तिला वाटत होतं. पहिल्या मजल्यावर ती वळून म्हणाली, "खरं बोललेलं कधी वाया जात नाही, बाळा."

डेलिशा थांबली.

"चूक तुझी होती," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मेसेज तू वाचला नाहीस. खरंही तूच बोललीस. वर्ष मात्र माझं गेलं."

एरवी रुफिनाजवळ प्रत्येक गोष्टीवर एखादं वचन असायचं, नाहीतर वसईच्या आईची एखादी म्हण. आत्ता पोरगी बोलत होती त्यातला एकही शब्द तिला खोडता येत नव्हता.

"तू मला विचारलंही नाहीस," डेलिशा म्हणाली. "मी कदाचित नाहीच म्हणाले असते. पण तू विचारायला हवं होतंस."

परतताना टॅक्सी पुलावरून आली. पुलावर या वेळी गर्दी नव्हती. रुफिना खिडकीबाहेर बघत होती आणि तिला डेलिशाचा दुसरीतला चेहरा आठवत होता, पोट धरून रडणारा. तेव्हा तिने पोरीला वाचवलं होतं. आज पोरीला कुणापासून वाचवायला हवं होतं, हेही तिला आता कळलं.

घरी पोचल्या तेव्हा सगळी पोरं टेबलाभोवती जमली होती. वैशालीने भात टाकून ठेवला होता आणि दाराशी येऊन ती डोळ्यांनीच विचारत होती.

"मम्मी, झालं का प्रॅक्टिकल?" अॅग्नेलने विचारलं. "भिंग आलं का?"

रुफिना बोलणार तेवढ्यात डेलिशाने जर्नल टेबलावर ठेवलं.

"मला बसू दिलं नाही," ती भावंडांना म्हणाली. "मम्मीने मेसेज वाचला नव्हता. आणि मला मम्मीचा राग आलाय. खूप राग आलाय. आज मला तिच्याशी बोलायचं नाहीये."

त्या घरात आईविषयी असं आजवर कुणी बोललं नव्हतं. सहाही पोरांनी एकदम रुफिनाकडे पाहिलं. अॅग्नेल तर आता काय होणार म्हणून खुर्चीतून अर्धा उठला. वैशालीने नजर वळवली.

रुफिनाने पदराने तोंड पुसलं. ओरडावं असं एक क्षण वाटलं, रडावं असं त्याहून जास्त वाटलं.

"खरं सांगतेय ती," ती मुलांना म्हणाली. "तिला कुणी काही बोलू नका."

मग तिने ताटं घेतली आणि पहिलं ताट डेलिशासमोर ठेवलं. डेलिशाने ते उचललं आणि गॅलरीत जाऊन, आईकडे पाठ करून, एकटीच जेवायला बसली.