सगुणाला सांगितलेलं स्वप्न

"आक्का, ते सपान सांग की एकदा," सगुणा म्हणाली. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. दुपार होती. पडद्यातून पिवळट ऊन तिच्या पांघरुणावर येऊन बसलं होतं. ती जाणार हे तिला ठाऊक होतं, मलाही. मी सांगितलं — पहिल्यापासून शेवटपर्यंत, नेहमीसारखं. दिवेलागणीच्या आत ती गेली.

त्या स्वप्नाबद्दल मी आजवर खरं बोललेले नाही. पाळकांशी नाही, पोटच्या लेकीशी नाही. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून लिहायला कदाचित जमेल. बघते.

सगुणा माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघीही लवकर रंडक्या झालो. वाळूजच्या अलीकडं आमचं शेत होतं, दोघींच्या नावावर. बांधावर कडुलिंब, आणि त्याच्याखाली माझ्या दिराची, दाविदची कबर. गावात आमच्या ख्रिस्ती लोकांना वेगळी दफनभूमी नव्हती, म्हणून तिथंच पुरलेला. वर नुसता दगडांचा ओटा. सगुणा रोज त्याच्याशेजारी बसून भाकर खायची. "माझी जागा ह्यांच्या बाजूला," म्हणायची, जसं कुणी एसटीत रुमाल टाकून ठेवतं.

आमच्यात स्वयंपाकाला बसताना आधी एक मूठ पीठ किंवा दाणे देवासाठी वेगळे काढायचे, आणि रविवारी ते देवळात द्यायचे, अशी रीत आहे. मीही काढायचे. पण माझी मूठ जरा आखडलेली असायची, सगुणाची भरून सांडायची. तिच्या घरात दुसरी मूठ निघेल की नाही अशी परिस्थिती असली तरी. मी एकदा विचारलं, "उद्या काय खाशील?" तर म्हणाली, "उद्याचं उद्या बघंल की तो. त्याला काय दुसरं काम हाय?"

मग कारखाने आमच्या बांधापर्यंत आले आणि दलाल दारात आला. खाटेवर ऐसपैस बसला. म्हणाला, "आजी, ज्वारी किती दिवस पेरणार? आता इथं लोखंड उगवणार हाय." मी हसले. सगुणा हसली नाही. तिनं विचारलं, "आन् आमचा माणूस?" तो म्हणाला, "कबर हलवता येती, मावशी." ती उठून आत गेली. तिच्या अंगठ्याशिवाय काहीच होणार नव्हतं.

मला काय हवं होतं? शहरात, पुंडलिकनगरात लेकीकडं गेले की मी घरं बघत हिंडायचे. लोखंडी गेट, गेटाच्या आत तुळतुळीत फरशी, नळाला घरातच पाणी. उघड्या दारातून ती फरशी दिसायची, उन्हात पाण्यासारखी. मी गेटाशी उभी राहायचे — म्हातारी बाई, हातात पिशवी — आणि वाटायचं, आत पाऊल टाकलं तर बुडेन. शेणानं सारवून माझे हात फाटले होते. यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. यात काहीच वाईट नव्हतं.

मी प्रार्थना केली. देवा, सगुणेचं मन वळव. कितीतरी दिवस केली. तो काही बोलला नाही. मग — मग त्याच्या वतीनं मीच बोलले.

बुधवारची प्रार्थना आमच्याच घरी होती. गीत झालं, एकेक जण उठून देवाच्या अनुभवाची साक्ष द्यायला लागलं, आणि मी उभी राहिले. म्हणाले, मला स्वप्न पडलं. पहाटेसारखा उजेड होता, पण सूर्य कुठंच नव्हता. कडुलिंबाची पानं हलत होती आणि वारा नव्हता. दाविद पांढऱ्या धोतरात आला आणि म्हणाला, "वहिनी, मी इथं नाय. सगुणेला सांगा, मातीची राखण करू नको."

मला काहीही पडलं नव्हतं. मी आयुष्यात स्वप्न बघणारी बाई नाही. आडवी झाले की सकाळ.

सगळे आमेन म्हणाले. सगुणा हळूच उठून माझ्यासमोर आली. "आक्का, ते लंगडत होते का?"

दाविदचा उजवा पाय बैलगाडीखाली गेलेला. जन्मभर फरफटत चालला तो. माझ्या हे डोक्यातच नव्हतं. पण तोंडातून आलं, "नाही गं. सरळ चालत होता."

तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी लिहू शकत नाही. चौथी शिकलेय मी. तिनं माझे दोन्ही हात धरले, आणि आठवडा व्हायच्या आत कागदावर अंगठा दिला. कबरही हलवू दिली नाही. "ते तिथं न्हाईत तर हलवायचं काय?" म्हणाली.

हे घर झालं. पुंडलिकनगरातच, गेट, फरशी, सगळं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. अजून आवडतं. सगुणा मागच्या खोलीत राहिली, एका पेटीतल्या सामानावर. तिला काहीच लागायचं नाही. फक्त उपकारस्तुतीचा सण आला, लोक पहिली कणसं घेऊन देवळात निघाले, की ती म्हणायची, "आक्का, सपान सांग." मी सांगायचे. दर वर्षी थोडं वाढायचं. कधी पाटाचं पाणी वाहायचं, कधी दाविद ओंजळीत दाणे घेऊन यायचा. सांगता सांगता मलाच तो उजेड दिसायला लागला. फरशी पुसताना तिच्यात कडुलिंब हलायचा. देवळातल्या बायका मला मान द्यायच्या, तरण्या पोरी विचारायच्या, समाधान कसं मिळतं, आजी? मी उत्तरं द्यायचे. सगुणा मागं बसून मान हलवायची.

त्या दुपारी खरं सांगता आलं असतं. तिनं शेवटी विचारलंही — "सरळच चालत होते ना?" एक श्वास पुरेल एवढा वेळ होता. मी म्हणाले, "सरळ."

तिला शहरातल्या दफनभूमीत ठेवलं. दाविदच्या वर आता कारखान्याची शेड आहे. कडुलिंब तेव्हाच तोडला. तिच्या खोलीत डबा सापडला, मुठी काढून ठेवलेला, काठोकाठ. तो मी देवळात पोचवला. लोकांना वाटलं माझा आहे. मी तसंच वाटू दिलं.

घरात तीन खोल्या आहेत. राहते मी एकटी.