सात शब्दांची ओळ

वाहिनीच्या कचेरीत तिला सगळे पट्टीताई म्हणत. टीव्हीच्या तळाशी बातम्यांची जी पट्टी सरकत असते, ती लिहायचं काम तिच्याकडे होतं. अकरा वर्षं. सात शब्दांच्या पुढे ओळ गेली की वाचणाऱ्याची नजर सुटते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. करता करता हातात बसलं होतं. तिचा चेहरा कधी पडद्यावर आला नाही, आवाजही नाही. लग्नाचं वय कधी आलं आणि कधी गेलं, याचा हिशेब तिनं ठेवला नव्हता. घरी वडील होते, आणि वडिलांचा टीव्ही होता.

वडील वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात एकाही दुकानदाराच्या तराजूवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. पाव किलोचं वजन हातात घेतलं की तोळाभराची लबाडी त्यांना कळायची. पण निवृत्तीनंतर टीव्हीसमोर बसले आणि त्यांचा सगळा संशय कुठल्या कुठे गेला. सकाळी चष्मा पुसायचा आणि वाहिनी लावायची. लेकीनं लिहिलेली पट्टी ते मोठ्यानं वाचत, आणि शेजारच्यांना सांगत, ही माझ्या पोरीची वाहिनी.

निवडणुकीला बारा दिवस उरले होते. एका सकाळी बातमी आली की तिच्या राहत्या भागात साठेक माणसं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली आहेत आणि सगळे नळाचं पाणी प्यायले होते. डेस्कप्रमुख तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि त्यानं ओळ सांगितली: "पाण्यात विष? पाणी सोडणारा कर्मचारी विरोधी पक्षाचा."

तिचे हात थांबले. त्या भागात पाणी सोडणारा माणूस एकच होता, चावीवाला. बावीस वर्षं तोच रस्त्यावरची झाकणं उचलून, लांब दांड्याची चावी फिरवून पाणी सोडत आला होता. पाणी उशिरा येणार असेल तर दारावर टकटक करून सांगायचा, "दोन बादल्या भरून ठेवा." तिच्या वडिलांबरोबर त्यानं किती चहा घेतला असेल, याला गणती नव्हती. विरोधी पक्षाच्या नेत्याबरोबर त्याचा एक फोटो होता खरा. पण गंजलेली जलवाहिनी बदला, असा अर्ज घेऊन तो सगळ्याच पक्षांच्या दारी गेला होता. तिनं डेस्कप्रमुखाला विचारलं, पाण्याची तपासणी झाली आहे का?

"प्रश्नचिन्ह टाकलंय ना?" तो म्हणाला. "आपण कुठं म्हणतोय, त्यानं टाकलं म्हणून. विचारतोय फक्त."

तिनं ओळ लिहिली.

दुपारपर्यंत ती सगळ्या शहरानं वाचली होती. संध्याकाळच्या चर्चेत चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर ओरडत होती आणि मधे चावीवाल्याचा तो फोटो, भोवती लाल वर्तुळ. सत्ताधाऱ्यांच्या सभेत वक्ता म्हणाला, हे लोक तुमच्या तोंडातल्या घोटात विष कालवतात. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा पट्टीवरचं प्रश्नचिन्ह गेलं होतं. विचारलं तर दुसऱ्या शिफ्टच्या माणसानं सांगितलं, जागा पुरत नव्हती.

त्याच दिवशी चावीवाल्याच्या घरावर दगड पडले. त्याला कामावरून बाजूला केलं गेलं. भाजीवाल्यानं चावीवाल्याच्या बायकोच्या पिशवीतली भाजी परत काढून घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या दारात आला. कपाळाला पट्टी बांधलेली, अंगात कामावरचाच शर्ट. ती नुकतीच शिफ्ट संपवून आली होती. वडील दारात आडवे उभे राहिले. आत ये म्हणाले नाहीत, बसही म्हणाले नाहीत. चावीवाल्यानं त्यांच्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"पोरी, तू तिथं कामाला आहेस," तो म्हणाला. "ही ओळ कोण लिहितं, त्याला एकदा सांग ना. मी स्वतः तेच पाणी पितो. आमच्याकडे राहायला आलेली माझी नातसुद्धा आजारी आहे."

सांगते, एवढंच ती म्हणाली. वडिलांनी दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली.

मग तिनं वडिलांना सांगितलं की ती ओळ तिनंच लिहिली आहे, कसलीही तपासणी न होता, कुणाच्या तरी सांगण्यावरून. तिला वाटलं, आता तरी यांच्यातला तो जुना निरीक्षक जागा होईल. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तू लिहिलीस हे खरं," ते म्हणाले. "पण काहीतरी असल्याशिवाय तुला लिहायला सांगतील का? एवढी मोठी माणसं आहेत ती."

"बाबा, मी तिथं बसते. मी बघते."

"तू एका खुर्चीवरून बघतेस. मी सगळं बघतो." आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

वडिलांशी आता वाद घालायचा तो कशाच्या जोरावर? ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. भिंतीपलीकडून तिचेच शब्द वडिलांच्या आवाजात ऐकू येत होते.

पाण्याच्या तपासणीचा अहवाल आठव्या दिवशी कचेरीत आला. विष नव्हतंच. गंजलेली जलवाहिनी फुटून तिच्यात गटाराचं पाणी शिरलं होतं; अर्जात लिहिलेली तीच वाहिनी, त्याच वळणावर. तिनं अहवाल डेस्कप्रमुखासमोर ठेवला. त्यानं चाळला आणि म्हणाला, निवडणूक झाल्यावर बघू, आता यात बातमी नाही. ती जागेवर आली आणि कुणालाही न विचारता तिनं लिहिलं: "पाण्यात विष नव्हतं. वाहिनी फुटली. चावीवाला निर्दोष."

ही ओळ अकरा मिनिटं चालली. बाराव्या मिनिटाला डेस्कप्रमुखानं स्वतःच्या हातानं ती काढली, आणि दुपारी तिला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नकोस.

नंतरचे चार दिवस ती अहवालाची प्रत घेऊन दारोदार फिरली. लोक वाईट नव्हते. पाणी विचारत, कागद हातात घेत, मान हलवत. आणि शेवटी बहुतेक सगळे एकच म्हणत: टीव्हीवर तर असं नव्हतं. ती अकरा मिनिटांची ओळ एकाही घरात कुणी पाहिली नव्हती. वडिलांनीसुद्धा नाही, ते तेव्हा अंघोळीला गेले होते. सभेतलं ते वाक्य मात्र पोरंसोरं गल्लीत खेळताना म्हणत होती. निवडणूक झाली, आणि तेच वाक्य बोलणारे निवडून आले.

चावीवाल्याचं घर तोवर बंद झालं होतं. शोधत शोधत ती त्याच्या मुलीच्या सासरी पोचली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तो मागच्या खोलीत खाटेवर बसला होता. मुलीनं दोघांना एकटं सोडलं. पट्टीताईनं अहवाल त्याच्या हातात दिला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की ओळ कोण लिहितं म्हणून तुम्ही विचारत होतात ना, ती मी.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं कागद गुडघ्यावर ठेवून सपाट केला. वाचला नाही.

"तुझ्यावर राग धरून काय करू," तो म्हणाला. "दगड पडले, तुझ्या दारातून परत आलो, मग आम्ही दारं लावून घरातच होतो. दिवसभर टीव्ही चालू. बायको म्हणायची बंद करा, मी म्हणायचो असू दे, कधीतरी खरं सांगतील. तिसऱ्या दिवशी मलाच वाटायला लागलं, पोरी... की त्या सकाळी चावी फिरवताना माझ्याच हातून काही झालं तर नसेल?"

"नाही झालं काका. इथं लिहिलंय."

"असेल." त्यानं कागद तिला परत दिला. "पण माझ्या मनातून ते आता जात नाही."

पलीकडच्या खोलीत नात रडायला लागली. तिला पाणी हवं होतं. त्याच्या खाटेशेजारीच भरलेला माठ होता. पण तो उठला नाही. त्यानं मुलीला हाक मारली, तूच दे म्हणाला, आणि हात मांडीखाली घेऊन बसून राहिला.