मागच्या दाराचा मसुदा

देशाला स्वातंत्र्य मिळालं आणि मला सरकारी गॅझेट वाचायचं काम लागलं. आपणही राष्ट्रासाठी काहीतरी करतोय असं तेव्हा वाटायचं. वयच तसलं होतं.

धुळ्यातल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करायच्या कारखान्यात, मी कारकून होतो. सरकार उद्या कोणता नियम काढेल, या काळजीनं आमच्या शेठना जेवण गोड लागायचं नाही. म्हणून मी देवपुरातून सायकल हाणत यायचं, गॅझेट उघडायचं आणि कारखान्यांच्या सुरक्षेबद्दल सरकारच्या मनात काय शिजतंय ते शेठना मराठीतून सांगायचं. नियम पक्का करण्याआधी सरकार त्याचा मसुदा छापायचं आणि लोकांच्या हरकती मागवायचं. हरकतींची मुदत संपली की अंक आमच्याकडे पोचायचा. फार सोयीची पद्धत, कुणाचा कुणाला त्रास नाही!

एकदा ऐन कापसाच्या दिवसांत एकाच अंकात दोन मसुदे आले. पहिला म्हणे, घातपात टाळण्यासाठी कारखान्याचं एकच फाटक उघडं असावं, बाकीच्या दारांना कुलपं घालावीत. दुसरा म्हणे, आगीत माणसं अडकू नयेत म्हणून दारं बाहेरच्या बाजूला उघडावीत आणि काम चालू असताना एकालाही कुलूप नसावं. सरकार एकच बरं का!

शेठना पहिल्यात देशाची सुरक्षा दिसली. संध्याकाळच्या आत मागच्या दाराला आतून हे भलंमोठं कुलूप लागलं. कामावरच्या बायका त्या दारानं ओच्यातून रुई नेतात असा शेठना जुना संशय होता, तो भाग वेगळा. दुसऱ्याबद्दल म्हणाले, "हा अजून मसुदाच आहे ना? होऊ द्या पक्का."

"शेठ, पहिलाही मसुदाच आहे."

"तुम्ही फक्त वाचा हो. अर्थ मी लावतो."

मशीनवर कापूस घालणाऱ्या बायकांत एक अक्का होती. मागचं दार तिच्या पाठीशीच. ती तडक ऑफिसात आली. "भाऊ, कुलूप काढाले सांग. आग लागनी ते आम्ही कथाईन निंघूत?"

नियम अजून पक्का व्हायचाय, असं मी तिला समजावायला लागलो. तिनं मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"आग काय गॅझेट वाचीसन लागस का?"

मी पुन्हा शेठकडे गेलो आणि झापून घेऊन आलो.

आगीनं खरंच काही वाचलं नाही. कापसातून एक खडा मशीनमध्ये गेला, ठिणगी उडाली आणि फाटकाकडचा रुईचा ढीग पेटला. बायका मागच्या दाराकडे धावल्या. अक्कानं पहार घालून कुलूप तोडलं. दार आत उघडायचं, म्हणून अंगावर रेटणाऱ्या बायकांना शिव्या घालत मागे सारलं आणि दार ओढलं. सगळ्या वाचल्या. सर्वांत शेवटी ती निघाली, तोवर तिचे दोन्ही हात भाजले होते.

दुसऱ्या दिवशी शेठनी तिला कामावरून काढलं. कारण काय, तर सुरक्षेच्या साधनाची मोडतोड! माझं डोकंच फिरलं. तिच्या हातांवर टरारून फोड आलेले, आणि हा माणूस तुटकं कुलूप कुरवाळत बसलेला.

पुढे पक्के नियम आले. कुलपाचा मसुदा सरकारनं गुपचूप गुंडाळला होता; बाहेर उघडणाऱ्या दाराचा मात्र नियम झाला. शेठनी नवं दार बसवलं, नारळ फोडला, पेढे वाटले. अक्का तेव्हा जिनासमोरच्याच रस्त्यानं दुसरीकडे भुईमुगाच्या शेंगा फोडायला जायची. तिची बोटं धड मिटत नव्हती, दिवसभरात इतर बायकांच्या निम्म्यानंही शेंगा व्हायच्या नाहीत.

मी पेढा हातात धरूनच म्हणालो, "शेठ, सरकारनंच अक्काला खरं ठरवलं. आता तिला परत घ्या."

शेठनी क्षणभर विचार केल्यासारखं केलं. "काढलेल्या माणसाला परत घ्यावं, असा काही मसुदा येतोय का? बघत राहा. आला की सांगा."

त्या जिनात होतो तोवर प्रत्येक अंक मी शेवटच्या पानापर्यंत बघितला. तसा मसुदा कधी आला नाही.